भाऊजींनी राखलेला ओटा

आमच्या थोरल्या दिरांचं निम्म्याहून अधिक आयुष्य पक्ष्यांना उठवण्यात गेलं. कागदोपत्री ते दिव्याचे राखणदार होते. बंदरासमोरच्या बेटावर जो दिवा आहे, तो लावायचा, विझवायचा, त्याच्या काचा पुसायच्या, अशी ती नोकरी. पण भाऊजी रुजू झाले आणि थोड्याच काळात कचेरीने तो दिवा आपोआप लागणारा केला. उन्हावर चालणारी सोलर पॅनलं बसली. दिवा आपला आपण लागू लागला, आपला आपण विझू लागला आणि राखणदार तेवढा उरला. एखाद्या शहाण्या माणसाने अशा वेळी पाय पसरून झोप काढली असती. भाऊजींना काम असल्याशिवाय जेवण जात नाही. त्यांनी काम शोधलं, आणि त्यांच्या दुर्दैवाने ते पंख असलेलं निघालं.

झालं असं, की ती पहिली पॅनलं जमिनीलगत सपाट मांडलेली होती, चांगली पाटासारखी. संध्याकाळी कुरव आणि पाणकावळे समुद्रावरून परतायचे आणि या आयत्या पाटांवर पंगत बसायची. सकाळी पॅनलं चुना फासल्यासारखी पांढरी. ऊन पोचायचं नाही आणि मध्यरात्रीच दिवा डोळे मिटायचा. कचेरीतून विचारणा झाली. भाऊजींनी एक रिकामा तेलाचा डबा घेतला, एक जुना कालथा घेतला, आणि पॅनलांशेजारच्या दगडी ओट्यावर उभं राहून दिवस मावळताना डबा बडवायला सुरुवात केली. त्याच हंगामात कचेरीने ती सपाट पॅनलं काढून उंच, तिरकी, गुळगुळीत काचेची नवी पॅनलं बसवली. पक्षी बसायचे थांबले.

का थांबले, याबद्दल भाऊजींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"धाक बसला," ते म्हणाले. पुढची सगळी वर्षं ते हेच म्हणत होते.

मी धाकटी जाऊ. आमचं बिऱ्हाड बंदरावर, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून बेट दिसतं असं. बेटावर शाळा नाही म्हणून भाऊजींची दोन्ही मुलं आमच्याकडे राहून शिकली. मुलाचा अभ्यास, मुलीच्या वेण्या, दोघांची गालगुंडं, सगळं माझ्या हातचं. भाऊजी सुट्टीत यायचे, मुलाचं प्रगतिपुस्तक बघायचे आणि म्हणायचे, "एवढे हजारो पक्षी वळणावर आणले मी, आणि हा एक पोरगा!" तो पोरगा तेव्हा जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली गेलेला असायचा. जाऊबाई म्हणायच्या, "त्याच्यासाठी पण एक डबा घ्या." जाऊबाईंची जीभ अशी. बेटावर बोलायला कुणी नसल्यामुळे आठवड्याचं सगळं साठवून त्या आमच्याकडे येऊन बोलायच्या, त्यामुळे त्यातलं प्रत्येक वाक्य चांगलं मुरलेलं असायचं.

त्यांच्याविषयीही सांगायला हवं. लग्न ठरलं तेव्हा त्यांना सांगितलं होतं, की बेटावरची नेमणूक तात्पुरती आहे. सरकारी तात्पुरतं म्हणजे काय हे त्यांना दोन मुलं मोठी होईपर्यंत कळत गेलं. घर छान होतं. दोन खोल्या, जाड भिंती, मागे पडवी. फक्त शेजार नव्हता. वाटीभर साखर उसनी मागायची तर मध्ये समुद्र. वाळत घातलेली चादर संध्याकाळी काढावी तर मिठाने पापडासारखी कडक. किराणा लाँचने यायचा, तोही समुद्राची मर्जी असेल त्या आठवड्यात. "मी भिंतीशी बोलते," त्या मला म्हणायच्या, "पण भिंत ऐकून घेते, तुझे भाऊजी तेवढंही करत नाहीत. ते पक्ष्यांत असतात."

पक्ष्यांत म्हणजे शत्रुत्वाने, हे लक्षात घ्या. भाऊजी त्यांना 'पोटभाडेकरू' म्हणायचे. एका लंगड्या कुरवाला त्यांनी 'तपासनीस' नाव ठेवलं होतं, कारण तो येऊन सगळीकडे मान वाकडी करून बघायचा आणि काहीही न करता निघून जायचा. बेटावर रात्रीच्या मुक्कामाला कोण कुठे बसतं, हा भाऊजींच्या लेखी बेटाचा इतिहास होता, आणि त्या इतिहासाला एकच नायक होता. सुरुवातीला मंडळी मनोऱ्याच्या कठड्यावर बसायची, भाऊजींनी उठवलं. मग कोठाराच्या छपरावर गेली. तिथूनही भाऊजींनीच उठवलं, म्हणजे वादळात ते छप्पर उडालं हे खरं, पण तोपर्यंत भाऊजींनी त्यांना पुरतं जेरीला आणलं होतं. मग मोडक्या धक्क्याच्या खांबांवर काही वर्षं काढली. शेवटी मागच्या बाजूच्या खडकांवर, जिथे वारा असा लागतो की माणसाचं डोकं धरेल, तिथे सगळे स्थायिक झाले. कुरव वर, पाणकावळे खाली, पंख पसरून, धुणं वाळत घातल्यासारखे. "वळण लागलं शेवटी," भाऊजी म्हणायचे. आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, गंभीर चेहरा करून विचारायचे, "आणि भरती-ओहोटीचं काय, दादा? तीही तूच बघतोस ना?" भाऊजी ते मनावर घ्यायचे नाहीत. थोर माणसांना घरात किंमत नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

दर वर्षी एक पक्षीवाल्या बाई बेटावर दोन-तीन दिवस येऊन राहायच्या. घडीची खुर्ची, तिकाटण्यावरची दुर्बीण, उन्हाने रापलेलं नाक. पक्षी मुक्कामाच्या जागा वर्षानुवर्षं कशा बदलतात, हा त्यांचा विषय. एकाच विषयाला दोन माणसांनी आयुष्य वाहिलेलं, तेही एवढ्याशा बेटावर. खरं तर दोघांनी एकमेकांच्या गळ्यात पडायला हवं होतं. पण दोघंही फार सभ्य. भाऊजी म्हणायचे, बाई शिकलेल्या आहेत, आपण कशाला मध्ये बोला. आणि बाई आल्या की ते डबा वाजवायचेच नाहीत. जाऊबाईंनी एकदा विचारलं, का हो, आज सुट्टी? तर म्हणाले, पाहुण्यांदेखत घरातला आरडाओरडा बरा दिसत नाही. त्या दिवसांत ते नुसते ओट्यावर हात मागे बांधून उभे राहायचे, अंधार पडेपर्यंत. पक्षी तरीही पॅनलांवर बसायचे नाहीत. भाऊजी आत येऊन हळूच म्हणायचे, "बघितलंस? डब्याशिवायसुद्धा. इतका धाक."

बाईंनी पुढे बेटाविषयी एक लेख छापला. भाऊजींनी तो आमच्याकडे आणून माझ्याकडून वाचून घेतला. मला तरी वाचता येतं, असा घरात समज आहे. त्यात वारा होता, खडकांची झीज होती, माशांचे थवे होते. पॅनलांजवळचा सपाट, वाऱ्याआडचा ओटा पक्ष्यांनी मोकळा का सोडलाय, हे कोडं अजून सुटलेलं नाही, असंही होतं. भाऊजी मान डोलावत ऐकत होते, आपलं नाव कुठे येतंय याची वाट बघत. नाव आलं. अगदी शेवटी आभारात, 'वेळोवेळी चहा दिल्याबद्दल'.

"चहा मी द्यायचे," जाऊबाई म्हणाल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कचेरीत नवे साहेब आले. नव्या साहेबांना जुन्या गोष्टी डोळ्यांत खुपतात. त्यांना आढळलं, की आपोआप लागणाऱ्या दिव्याला एक सपत्नीक राखणदार आहे. त्यांनी भाऊजींना बोलावून फार नम्रपणे सांगितलं, की बेटावर राहायची आता गरज नाही. महिन्यातून एकदा माणूस जाऊन बघून येईल. निवृत्तीपर्यंत तुम्ही बंदरावरच्या गोदामात बसा. पंखा आहे.

भाऊजी पंख्याने विरघळले नाहीत. त्यांनी साहेबांना पक्ष्यांचा इतिहास पहिल्यापासून ऐकवला. मी आहे म्हणून पॅनलं स्वच्छ आहेत. मी निघालो की आठवड्यात पांढरी होतील, दिवा मालवेल, आणि एखादी होडी खडकावर चढली की मग मला बोलवाल. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ठीक आहे, करून बघू. महिनाभर बेटावर कुणी राहायचं नाही. महिन्याने जाऊन पाहू. पॅनलं घाण झाली असतील तर तुमची जागा कायम. नसतील तर गोदाम.

अशी भाऊजींच्या आयुष्याची किंमत पक्ष्यांच्या विष्ठेवर ठरायची होती. हे वाक्य मी मुद्दाम वाईट दिसावं म्हणून लिहिलेलं नाही. ते तसंच होतं.

महिनाभर दोघं आमच्याकडे राहिली. एका घरात एकाच प्रश्नाची दोन टोकं. भाऊजींना वाटायचं पॅनलं बरबटावीत, जाऊबाईंना वाटायचं लख्ख राहावीत. जाऊबाई तर आल्या दिवसापासून उमलल्या. सकाळी दूधवाल्याशी बोलायच्या, मग भाजीवालीशी, मग खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीशी. तिसऱ्या दिवशी इमारतीतल्या सगळ्या गुडघेदुख्या त्यांना तोंडपाठ होत्या. मी इतकी वर्षं इथे राहते. मला वरच्या बिऱ्हाडातल्या आजींना सवत होती हे त्यांच्याकडून कळलं. नळ सोडला की पाणी येतं याचंही त्यांना कौतुक. त्या चादर वाळवून आणायच्या आणि माझ्या गालाला लावून म्हणायच्या, बघ, मऊ.

आणि भाऊजी गॅलरीत. ज्यांना आयुष्यभर पोटभाडेकरू म्हणाले, ते आता 'बिचारे' झाले. वारा सुटला की म्हणायचे, मागच्या खडकावर बिचाऱ्यांचं काही खरं नाही, आता तरी पुढे येऊन बसावं. लाँचवाला बेटाच्या बाजूने परतायचा, त्याला रोज धक्क्यावर गाठून विचारायचे, "बसले का?" लाँचवाला भला माणूस. सत्य बोलून कुणाचं मन मोडायचं नाही आणि खोटं बोलून पाप घ्यायचं नाही, असा त्याचा खाक्या. तो म्हणायचा, "असतील की." या दोन शब्दांवर भाऊजी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तग धरायचे. दिवस मावळायला लागला की त्यांचे हात चुळबुळायचे. एकदा जेवणाच्या टेबलावर त्यांनी चमच्याने ताट बडवायला घेतलं, स्वतःच्या नकळत. आमचे हे म्हणाले, "दादा, वाढतेय ती, धीर धर."

एका संध्याकाळी दोघांची जुंपली. म्हणजे आवाज चढले नाहीत; या घरात आवाज फक्त डब्याचा चढतो. भाऊजी म्हणाले, मी नसलो तर दिव्याचं कसं होणार याची तुला काही काळजीच नाही.

जाऊबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिवा आपोआप लागतो. शेजार आपोआप येत नाही. पॅनलवर एक ठिपका जरी दिसला ना, तरी साहेबांच्या आधी मी पुढे होऊन पदराने पुसून टाकीन."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे.

महिना भरला तशी साहेबांनी लाँच काढली. दुपारची वेळ होती. साहेब, भाऊजी, जाऊबाई आणि मी. माझं तिथे काही काम नव्हतं, पण निकाल काहीही लागला तरी एकाला धरून आणायला लागणार, आणि कुणाला ते ठाऊक नव्हतं. पक्षीवाल्या बाईंची फेरी त्याच सुमाराची, म्हणून त्याही आल्या, खुर्चीसकट. भाऊजींनी मांडीवर डबा घेतला होता. साहेबांनी तो काय आहे हे विचारलं नाही, हे त्यांच्या अधिकाराला शोभलं.

पायऱ्या चढून आम्ही वर आलो. पॅनलं समोर होती.

आरशासारखी स्वच्छ. वर आभाळ दिसत होतं, आणि खाली आम्ही पाचजण, ओळीने. एक ठिपका नाही, एक पीस नाही. पदर खोचून तयार असलेल्या जाऊबाईंना पुसायलाही काही उरलं नव्हतं. साहेबांनी काचेवर बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही तुमचं काम इतकं चोख केलंय, की तुमची गरजच उरली नाही." साहेब लोकांना असं बोलायला कुठेतरी शिकवत असावेत.

भाऊजींनी डबा खाली ठेवायला म्हणून जागा पाहिली, आणि तेव्हा आमच्या सगळ्यांच्या लक्षात आला तो ओटा.

पॅनलांशेजारचा दगडी ओटा कडेपासून कडेपर्यंत पांढरा झाला होता. नुसता पांढरा नव्हे, थर चढलेला. पिसं, माशांचे काटे, अंड्याच्या कवचाचा एक तुकडा. भाऊजी कधीमधी टेकायचे ते लाकडी स्टूल ओळखू येत नव्हतं. आणि जिथे ते रोज उभे राहायचे, मधोमध, जरा खोलगट झालेल्या जागी, तिथला थर सगळ्यांत जाड. बेटावरची सगळ्यात उबदार, वाऱ्याआडची, सपाट जागा ती. उभ्या बेटाने महिनाभर तिच्यावर गर्दी केली होती.

पक्षीवाल्या बाईंनी आधी ओट्याभोवती एक फेरी मारली. मग हसायला लागल्या, इतक्या की खुर्ची उघडून बसल्या. मला म्हणाल्या, मी दर वर्षी बघायचे, हे ओट्यावर उभे असायचे. मला वाटायचं, रसिक माणूस आहे, सूर्यास्त बघतो. आपण पाहुणे, घरधन्याला बाजूला व्हा कसं म्हणणार? आणि दोन दिवस उभा राहणारा माणूस वर्षभर उभा राहत असेल असं कुणाच्या मनात येतं? तिरक्या काचेवर पक्ष्याचा पाय घसरतो, तिथे ते तसेही बसले नसते, असंही त्या म्हणाल्या. त्यांना फक्त ओटा हवा होता.

म्हणजे हिशेब साधा होता. भाऊजी जी पॅनलं आपण राखली असं समजत होते, ती कुणाला नकोच होती. त्यांनी खरोखर राखली ती स्वतःच्या दोन पायांखालची जागा. तेवढ्यासाठी बेटावरचे सगळे पक्षी वर्षानुवर्षं कुडकुडत मागच्या खडकावर झोपले.

मला वाटलं, भाऊजी खचणार. मी हात पुढे करून तयार होते. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. "म्हणजे माझ्यामुळेच," ते म्हणाले. "म्हणजे लेखात ते जे कोडं होतं..."

"ते तुम्ही," बाई म्हणाल्या.

"आणि डब्याचं? डब्याबद्दल काय म्हणणं आहे तुमचं?"

बाईंनी विचारलं, "कुठला डबा?"

तिथे मात्र भाऊजींचा चेहरा पडला. नोकरी गेली तेव्हा पडला नव्हता इतका. बाई आल्या की डबा बंद, आणि डबा बंद असतानाही पक्षी ओट्यापासून लांबच, हे आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नुसतं उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. इतक्या संध्याकाळी, इतका कालथा, फुकट. त्यांनी डबा उलटा करून पाहिला. तळ पोचे आणि भोकं पडून चाळणीसारखा झाला होता.

साहेब खाली पायऱ्यांकडे गेले होते. जाऊबाई ओट्यापाशी आल्या. एवढा चांगला मोका. मला वाटलं, आता महिनाभराचं मुरलेलं काहीतरी येणार.

"डबा वाजला की मी चहा टाकायचे," त्या म्हणाल्या. "घड्याळ कधी बघितलं नाही. आणि मी मागे पडवीत असले की वाटायचं, चला, आहेत. पडले-बिडले नाहीत पाण्यात. एवढ्या बेटावर तेवढाच तर आवाज माणसाचा."

भाऊजी म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही पक्ष्यांत असायचा."

एवढं होईपर्यंत ऊन उतरलं होतं. आम्ही घरातलं उरलंसुरलं बांधून बाहेर आलो तर भाऊजी सवयीने ओट्यावर चढून उभे, त्या पांढऱ्या थरात, डबा हातात, न वाजवता. समुद्रावरून थवे परतत होते. पण महिनाभरात मंडळींना घराची सवय झाली होती. ती मागच्या खडकाकडे वळेनात. ओट्यावर घिरट्या घालत राहिली, एकावर एक, ओरडत, जागा अडवून बसलेल्या माणसाला 'ऊठ' म्हणावं तसं. त्यात तो लंगडा तपासनीसही होता. तो पॅनलाच्या कडेवर उतरायला गेला, घसरला, आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा उडाला.

जाऊबाईंनी गाठोडं खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "उतरा आता. ताटकळलीत बिचारी."

भाऊजी उतरले. त्यांचा पाय पायरीवर टेकतोय तोवर पहिला कुरव ओट्यावर होता, आणि आम्ही लाँचपर्यंत पोचेस्तोवर दगड दिसेनासा झाला. आयुष्यभर ज्यांनी पक्षी उठवले, त्यांना शेवटी पक्ष्यांनी उठवलं. बाईंनी तेवढ्यात मागून ओरडून सांगितलं, की या वेळी लेखात नाव वरच घालते. भाऊजींनी ऐकू न आल्यासारखं केलं, आणि मग लाँचमध्ये मला तीनदा विचारलं, काय म्हणाल्या त्या.

आता दोघं आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. भाऊजी गोदामात बसतात. पंखा आहे. गोदामातल्या दोरखंडांना, सुटे भाग भरलेल्या पेट्यांना त्यांनी वळण लावायला घेतलंय, आणि तिथला जुना कारकून माझ्याकडे बघून हल्ली नुसता नमस्कार करतो, बोलत नाही. साहेबांनी बेटावर महिन्याला माणूस पाठवायचं ठरवलं होतं; तो जातो, दिवा लागतो हे पाहतो, ओट्याला लांबून वळसा घालून परत येतो.

डबा मात्र त्यांनी टाकला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगलाय. दिवस मावळला, की जाऊबाई जिथे असतील तिथे, म्हणजे शिंपिणीच्या दारात किंवा वरच्या आजींच्या खाटेवर, तिथपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने भाऊजी तो दोनदा वाजवतात. चहाची वेळ झाली, घरी या, असा त्याचा अर्थ.

जाऊबाई ऐकतात. "आहेत," असं शिंपिणीला सांगतात आणि बोलणं पुढे सुरू करतात. डब्याचा जेवढा परिणाम पक्ष्यांवर व्हायचा, तेवढाच त्यांच्यावर होतो. चहा हल्ली भाऊजीच टाकतात.